मंजुळाबाईचा पाय

साखऱ्याची मंजुळाबाई पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून पाय आधी घेऊन आलेली. अशा माणसाने उसण भरलेल्या कमरेला तीनदा पाय मारला की उसण उतरते, असं गाव मानतं. मंजुळाबाई तर छातीठोक मानते. साठी उलटली तरी दर रविवारी सकाळी तिच्या ओट्यावर दोन-चार गडी पालथे पडलेले असतात.

या गड्यांची तिच्या लेखी किंमत शून्य. मोटरसायकलवर बसून पानटपरीपर्यंत जायचं आणि कंबर धरून परत यायचं, असले हे मर्द. चारचौघांत मिशीला पीळ देणारा सटवाजी तिच्या पायाखाली ‘आई गं’ करत पडला, तेव्हा तिने चौथी लाथ निव्वळ हौस म्हणून हाणली होती. बायांच्या कमरेला मात्र तिने कधी पाय लावला नाही. हळद वेचणाऱ्या बाईची कंबर दुखायचीच, त्यात गावाला सांगण्यासारखं काय आहे, असं तिचं म्हणणं.

होळीच्या सुमारास हळद शिजवताना सुनेची, प्रियंकाची, कंबर भरली. घमेलं उचलताना चमक निघाली ती डाव्या पायात उतरली. चार दिवस कळ काढून ती सासूला म्हणाली, “आत्याबाई, मला बी लावा की पाय.”

“मोबाइल बघून बघून गेली तुजी कंबर,” मंजुळाबाई म्हणाली. “कामाच्या वक्ताला बरी सोंगं सुचतात.”

प्रियंकाने पुन्हा विचारलं नाही. हळद वाळली, पॉलिश झाली, बाजारात गेली. प्रियंकाचा डावा पाय मात्र अंगणात फरफटू लागला, चप्पल दर दहा पावलांना निसटू लागली. तो आवाज मंजुळाबाईच्या डोक्यात जायचा. सकाळ-संध्याकाळ ती ओरडायची, “पाय उचलून चाल. मुडद्यावानी ओढू नको.”

हिंगोलीत शौनक नावाच्या तरुण डॉक्टराने मणक्याचा दवाखाना टाकला होता. टेबलावर निजवून, अंगाला पीळ देऊन तो मणके कडाकड वाजवतो आणि वाकून आलेली माणसं ताठ होऊन जातात, असे त्याचे व्हिडिओ प्रियंकाने पाहिले होते. मंजुळाबाईनेही पाहिले आणि तोंड वाकडं केलं. “आमी अडाणी म्हून लाथ मारतो,” ती म्हणाली, “ह्ये शिकून मारून राहिलंय.” तिचा मुलगा संतराम आयुष्यात कधी कुणाची बाजू न घेतलेला. पण बायको रात्रभर कण्हू लागली तशी त्याची झोप मोडली, आणि जेठात एक दिवस तो तिला घेऊन निघाला. या डॉक्टर पोराचं बिंग फोडायचंच, म्हणून मंजुळाबाईही गाडीत बसली.

दवाखान्यात प्लास्टिकचा मणका टांगलेला होता. बाकावर कचेरीत खुर्च्या उबवणारी दोन-तीन माणसं कंबर धरून बसलेली. मंजुळाबाईने त्यांना एका नजरेत निकालात काढलं. शौनकची मनगटं बघून तर तिला हसूच आलं. याच्याने पोतं हलणार नाही, हा मणका काय हलवणार?

शौनकने प्रियंकाला टाचांवर चालायला सांगितलं. डावं पाऊल फटकन खाली पडलं. मग त्याने तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर बोट ठेवलं आणि अंगठा वर उचलायला सांगितला. प्रियंकाने दात आवळले, पण अंगठा जागचा हलला नाही.

“यांच्या कमरेला मी हात लावणार नाही,” शौनक म्हणाला. “मणक्यात नस दबलीय. आजच नांदेडला न्या. आधीच उशीर झालाय, हा पाय कायमचा असाच राहू शकतो.”

मंजुळाबाईला पहिल्यांदा आनंदच झाला. हरला, तिच्या मनात आलं. ‘कायमचा’ हा शब्द तिला अंमळ उशिराने ऐकू आला.

“चप्पल कधीपासून निसटते?” शौनकने विचारलं.

“होळीनंतर दोन-चार दिवसांपासून,” प्रियंका म्हणाली.

“तीन महिने? घरात कुणालाच दिसलं नाही?”

संतराम पंख्याकडे बघू लागला. प्रियंकाच्या आवाजात टोमणा नव्हता, विचारलं म्हणून तिने सांगितलं. “दिसलं की. आत्याबाई रोज सांगायच्या, पाय उचलून चाल.”

शौनक मंजुळाबाईकडे बघत राहिला. बाकावरची माणसंही बघू लागली. तिने दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले. गावभराच्या कमरांना लावलेला हा पाय घरातल्या एका पोरीला द्यायला तिला जड झाला होता. आणि दिला असता तर आणखी वाटोळं झालं असतं, हेही तिला आता कळत होतं. सटवाजीचीसुद्धा तिला कधी इतकी किळस आली नव्हती, जितकी त्या घडीला स्वतःची आली.

नांदेडच्या गाडीसाठी ते बाहेर पडले. पायरीवर प्रियंकाची चप्पल पुन्हा निसटली. सवयीने मंजुळाबाईच्या जिभेवर तेच शब्द आले, आणि ते तिला गिळावे लागले.