दोन आटे

कुंभारबाव गल्लीत हिंदूराव चौगलेला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. म्हाताऱ्यांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे त्याला मामा म्हणायचे. हिंदूरावला सख्खी काय, चुलत बहीणही नव्हती. त्यामुळे रक्ताच्या नात्यानं हा शब्द त्याच्या वाट्याला येणारच नव्हता. तो त्यानं मिळवला होता, आणि कसा मिळवला हे फार थोड्यांना ठाऊक होतं.

तो पाणीखात्यातला चावीवाला. छातीइतक्या उंचीची लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधून पहाटे पाचला निघायचा. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचा, चावी आत सोडायचा आणि वॉल फिरवायचा. गल्लीचा वॉल चौदा आट्यांचा, म्हणजे चावीच्या चौदा फेऱ्यांचा. सोडताना चौदा, बंद करताना चौदा. चावीला कान लावला की पाणी कुठवर पोचलं ते त्याला कळायचं. साहेब लोकांना नकाशा बघूनही कळत नसे, हे तो चारचौघांत सांगायचा आणि ते खरंही होतं.

बदली होऊन तो या भागात आला तेव्हा वर्षभर गल्लीनं त्याला विचारलं नाही. पाणी आलं तर ते खात्याचं, नाही आलं तर शिव्या चौगलेला. मग एके सकाळी तालमीच्या कट्ट्यावरून तात्या सणगर उठून आला. तात्या म्हणजे जुना पैलवान, गल्लीत त्याचा शब्द चालायचा.

"चौगले, बंद करताना दोन आटे राहू देत की. गल्ली उताराला हाय. दिवसभर बारीक धार चालू राहील. बायाबापड्या दुवा देतील."

हिंदूरावनं बाराच आटे फिरवले. दुसऱ्या दिवशी तात्यानं कट्ट्यावरून हाक मारली, "ओ मामा, च्या घेऊन जावा." तेव्हापासून तो मामा झाला. गणपतीच्या आरतीचं ताट त्याच्या हातात येऊ लागलं, कुणाच्या घरी तांबडा-पांढरा रस्सा झाला की वाटी त्याच्यासाठी निघू लागली. पुढं त्यानं गल्लीतच दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. बावीस वर्षं वॉल चौदापैकी बाराच आटे बंद होत राहिला. हे दोन आट्यांचं पाणी कुणाच्या वाटचं, असा प्रश्न त्याला पडला नाही. पडू दिला नाही म्हणा.

त्याच लाईनच्या टोकाला, माळावर, नवरंग कॉलनी होती. खात्याच्या भाषेत टेल. टेलच्या बायका एकदा घागरी घेऊन ऑफिसवर आल्या. त्यातली एक, शालन मोहिते, काखेत पोर घेऊन थेट हिंदूरावच्या सायकलीपुढं उभी राहिली.

"आमच्याकडं करंगळीएवढी धार येती. तीबी पंधरा मिनिटं. असं का?"

"ताई, चढ हाय तिकडं," हिंदूराव म्हणाला. "पाण्याला काय पाय हाईत व्हय, चढून यायला?"

कारकून हसला, शिपाई हसला. शालन हसली नाही. तिनं पोर दुसऱ्या काखेत घेतलं आणि निघून गेली. हिंदूरावनं तो किस्सा त्या संध्याकाळी कट्ट्यावर रंगवून सांगितला.

मग शहर पालटू लागलं. गल्लीतली कौलारू घरं जाऊन चार-चार मजली अपार्टमेंट आली. त्यांच्या पाणी ओढायच्या मोटारी बसल्या, टाक्या आल्या. ज्या कट्ट्यावर वीस माणसं बसायची तिथं आठ गाड्या लागू लागल्या. हिंदूरावच्या घरमालकानंही जागा बिल्डरला दिली. नेमका तोच निवृत्तीचा महिना. फंडाच्या पैशात बसेल असं घर एकाच ठिकाणी मिळत होतं, नवरंग कॉलनीत. वारा छान, खाली सगळं शहर दिसायचं.

"पाण्याचं काय?" बायकोनं, आक्काताईनं, विचारलं.

"अगं, खात्याचा माणूस मी. मला पाणी मिळायचं न्हाई?"

पहिल्या सकाळी नळ आधी खोकला, मग त्यातून करंगळीएवढी धार आली. पंधरा मिनिटांत दोन घागरी, की संपलं. आक्काताईचे गुडघे तेव्हाच गेलेले. बाकीचं पाणी खालच्या बोअरवरून आणायचं आणि त्या चढानं वर यायचं. हिंदूरावनं तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. मराठीसाठी एक दाबा, पाण्यासाठी चार दाबा, असं सगळं दाबून झालं. संध्याकाळी मोबाइलवर निरोप आला, आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. आयुष्यभर तो याच खात्याचा पगार खात होता, म्हणून शिवी कुणाला द्यावी ते त्याला कळेना.

तिसऱ्या दिवशी शेजारची बाई भरली घागर घेऊन दारात आली.

"तुम्ही चावीवाले न्हवं?" ती म्हणाली. "वळखलं मी. मी शालन. राहू दे वो, लाजताय कशाला. मामींचे गुडघे दुखत्यात, रोज एक घागर मी देत जाईन. आमची टाकी हाय, टँकर टाकतो आम्ही."

आणि जाताजाता म्हणाली, "तुम्ही सांगितलं तेच खरं, मामा. चढच हाय."

इथंही मामा. हिंदूरावला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

चार महिने तिची घागर रोज येत राहिली. मग कुंभारबाव गल्लीत काँक्रीटच्या रस्त्याचं काम निघालं आणि ठेकेदारानं दोन दिवसांसाठी गल्लीची लाईन तोंडापाशीच खुंटी मारून बंद केली. त्या दोन सकाळी नवरंग कॉलनीत अंगठ्याएवढी धार आली. तासभर आली. बायकांनी पातेली, पिंपं, बादल्या, पूजेचे तांबेसुद्धा भरून ठेवले. शालननं अंगण धुतलं आणि कुंपणावरून हसत विचारलं,

"मामा, आज चढ कुठं गेला वो?"

हिंदूराव नळापाशी उभा होता. त्याला उत्तर माहीत होतं. पाण्याला चढ कधी अडवतच नव्हता. ते खाली दिवसभर गळत होतं, म्हणून वर यायला जोर उरत नव्हता.

खुंटी काढली त्याच दिवशी तो गल्लीत गेला. नवा चावीवाला संभाजी चेंबरपाशीच होता. हिंदूराव म्हणाला, "संभाजी, आजपास्नं पुरते चौदा फिरव."

"मामा, तुम्हीच शिकवलंय. ह्या वॉलला बाराच."

"मी चुकीचं शिकवलं."

तोवर तात्या सणगर काठी टेकत आला होता. "वर राहायला गेलात आणि गल्ली इसरलात व्हय, मामा? त्या धारेवर आमच्या मोटारी चालत्यात. आमचं वाटोळं करायला आलाय?"

"तात्या, ते पाणी आपलं नव्हतं."

"मग बावीस वर्षं कुणाच्या पाण्यावर मामा म्हणवून घेतलंत?"

हिंदूरावनं संभाजीच्या हातातली चावी घेतली आणि फिरवायला लागला. बारा आटे सहज गेले. तेरावा हलेना. त्यानं अंगाचा भार टाकला, मग संभाजीनं हात लावला. चावी वाकायला आली, वॉल जागचा हलला नाही.

"बास करा, मोडंल," संभाजी म्हणाला. "कधी पुरता बसलाच न्हाई, तर खाली गाळ धरलाय. दगड झालाय त्याचा. आता नवा वॉलच टाकाय पायजे."

"मग टाकूया."

संभाजीनं नुसतं बोट दाखवलं. चेंबरभोवती ओलं काँक्रीट होतं आणि कडेला नवा कोरा फलक, पाच वर्षं हा रस्ता खोदण्यास सक्त मनाई.

हिंदूराव चालतच घरी निघाला. चढावर तीनदा थांबला. बावीस वर्षांत एकदा, फक्त एकदा पुरता फिरवून बघितला असता तर, एवढंच त्याच्या मनात येत राहिलं.

शालन आपल्या दारात घागर घेऊनच उभी होती. "कुठं होतासा मामा? मामींना पाणी न्यायचं न्हाई व्हय?"

त्यानं तिला सगळं सांगितलं. दोन आटे, तात्या, कट्ट्यावरचा चहा, तिच्यावर हसलेला कारकून. काही झाकलं नाही, काही रंगवलं नाही.

"म्हंजे चढ न्हवता," ती शेवटी म्हणाली.

"न्हवता."

"माझी सासू त्या बोअरवरून पाणी आणताना दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडली ती उठलीच न्हाई, दीड वर्ष अंथरुणात होती. तिला मी सांगायची, चढ हाय, आत्ती, कुणाचा दोष न्हाई."

हिंदूरावनं मान खाली घातली. ती ओरडेल, घागर आपटेल, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं. तिनं घागर उचलली आणि नेहमीसारखी त्याच्या पायरीवर आणून ठेवली.

"तुमच्या बायकोचे गुडघे दुखत्यात, म्हणून देते," ती म्हणाली. "घागर मोकळी करून परत द्या, चौगले."