मधला पिवळा गोळा

हे मी अजून कोणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशीही नाही. सांगायला गेले की मन तळ्यावरच्या कंदिलांपाशीच रेंगाळतं—पुढे सरकत नाही. म्हणून तुम्हालाही आधी कंदीलच दाखवते.

त्या संध्याकाळी आम्ही चौघं—मी, नवरा, लेक रेवा आणि रत्नागिरीहून आलेली माझी आई—सिंगापूरच्या एका बागेत मिड-ऑटम फेस्टिव्हलला गेलो होतो. चिनी लोकांचा सुगीचा सण. काठावर कागदी ससे, मासे, कमळं उजळली होती, पाण्यात त्यांची दुसरी बाग हलत होती, आणि चंद्र झाडांमागून इतका सावकाश वर येत होता की कोणी मोठ्याने बोलतच नव्हतं. "आपली नव्याची पौर्णिमाच गं," आई म्हणाली. "यांची जरा आधी येते, एवढंच." दरवर्षी दाराला भाताच्या लोंब्या बांधणारी बाई ती. किती खूश होती.

मग माझंच काय बिनसलं होतं?

नवसाचं सांगायला हवं. लहानपणी टायफॉइडने मी जायला टेकले होते, तेव्हा आईने देवाला सांगितलं—पोर वाचू दे, मासळीला, अंड्याला जन्मात शिवणार नाही. बांगड्याच्या नुसत्या वासाने जिला भूक लागायची, तिने. मी वाचले. आणि मग जन्मभर ताटावर ऐकत आले, "तुझ्यासाठीच सोडलंय ना." आमच्याकडे सिंगापूरला आली की क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये तिची कढई वेगळी, खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरला गेलो तर तिचा डबा वेगळा. मला त्याचं ओझं व्हायचं. ओझं कसलं—राग यायचा. आपल्यासाठी कोणी एवढं केलं, याचा राग येतो का कोणाला? मला यायचा.

बागेत आमच्या शेजारच्या चिनी आँटी भेटल्या. त्यांनी या सणाचं पक्वान्न, सारण भरलेला मूनकेक, कापून आईपुढे धरला. मधे पिवळा गोळा. रेवा माझ्या कानाशी आली, "मम्मा, दॅट वन एग योक लाह. आजी कान्ट." खारवलेल्या अंड्याचा बलकच होता तो. मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

"आत काय गं?" आईने विचारलं.

"कमळाच्या बियांचं सारण. मधे भोपळा."

तिने आधी चंद्राला हात जोडले. मग खाल्लं.

"भोपळा खारट कसा?"

"इकडे तसाच करतात."

तिने आणखी एक तुकडा मागून घेतला. आणि मला—हेच तर सांगायचंय—बरं वाटलं. हलकं वाटलं. आँटींना नको कसं म्हणायचं, आईला चारचौघांत कशाला अवघडवायचं—अशी कारणं मी पुढे पुष्कळ जमवली. खोटी आहेत. मला तिचा नवस मोडायचा होता.

गेल्या वर्षी आई गेली. शेवटच्या आजारात मी आणि रेवा तिच्यापाशी होतो. माझा हात धरून ती म्हणाली, "एवढ्या वर्षांत एकदासुद्धा मोडला नाही गं. म्हणून तर तू अशी धडधाकट." आणि मी काहीतरी म्हणावं म्हणून बघत राहिली.

"हो आई," मी म्हणाले. "एकदासुद्धा नाही."

पलंगाच्या पायाशी बसलेल्या रेवाने माझ्याकडे पाहिलं, आणि मान खाली घातली.