शहाजीरावांनी बांधलेला सैल फेटा

शहाजीराव निकम वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी. माणूस साताऱ्याकडचा, आणि फेटा बांधण्यात साऱ्या कोपरखैरण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. त्यांनी बांधलेला फेटा वरातीत तासभर नाचलं तरी जागचा हलत नसे.

पण हल्ली एका माणसाचं नाव निघालं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. हितेश सर! लेक उज्वला कृष्णविवरांवर संशोधन करत होती, तिचे हे मार्गदर्शक. पूर्वी पोरगी सगळं बाबांना विचारायची. आता जेवताना, चहा पिताना, "सर म्हणतात" सुरू. बापानं जळायचं नाही तर काय करायचं?

त्यात सोसायटीनं सरांचं व्याख्यान ठेवलं. उज्वला म्हणाली, "बाबा, सरांना फेटा तुमीच बांधा हं. एकदम झकास!"

बांधला. पण होऊ दे जरा हसं, म्हणून पेच मुद्दाम सैल सोडले.

सर रंगात आले. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत एक होतात, तेव्हा अवकाशातच लाटा उठतात आणि कोट्यवधी वर्षांनी आपल्यापर्यंत पोचतात, असं ते सांगत होते. "पण जोडी जमते कशी? काही तारे जन्मापासून सोबत असतात, मरून कृष्णविवरं झाले तरी. काही मात्र ताऱ्यांच्या गर्दीत परके म्हणून भेटतात, आणि मग सुटत नाहीत. आमच्या उज्वलाचं काम यावरच आहे."

आमच्या! शहाजीरावांनी दात-ओठ खाल्ले. तेवढ्यात सरांनी मान वळवली आणि फेटा घसरून नाकावर आला. सगळे खदखदून हसले. शहाजीराव तर पोट धरून.

उज्वला हसली नाही. तिनं बाबांकडे पाहिलं. त्यांच्या हातचा फेटा असा सुटत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? शहाजीरावांनी मान खाली घातली.

ती मंचावर गेली आणि तिनं फेटा नव्यानं बांधायला घेतला. तोच पीळ, तुरा काढायची तीच लकब. लहानपणी शहाजीरावांनीच घागरीवर बांधायला शिकवलं होतं.

"बाप रे, घट्ट झाला," सर म्हणाले.

"आता नाय सुटायचा."

टाळ्या पडल्या. शहाजीरावांनीही वाजवल्या. आजवर त्यांनी शेकडो डोकी सजवली, पण लेकीनं त्यांना कधी फेटा बांधला नव्हता. तो पहिला मान सरांना मिळाला, आणि तोही शहाजीरावांनीच पेच सैल सोडले म्हणून.