पहिली पाळी आणि क्राउझेआजोबांचे कान

एकाच बाकावर तीन वर्षं बसलं की किस्से नुसते साठत जातात. मी सांगायला लागलो की आमच्या हॉस्टेलमधला नाना देशपांडे ओरडतो, "जोश्या, थापा आवर!" पण देवाशप्पथ, यातला एक शब्दही वाढवलेला नाही.

जर्मनीत डार्मश्टाटला पीएच.डी. करताना मी एका व्यावसायिक फुटबॉल क्लबात अर्धवेळ आकडेमोड करायचो. देशभराची एकच नवी लीग सुरू होणार होती आणि आमचे ट्रेनर बाउमानसाहेब तिच्यात घुसायचंच म्हणून हट्टाला पेटले होते. आसपासच्या तीन क्लबांनी आपसात ठरवलं होतं, की दर उन्हाळ्यात नवख्या पोरांची एकत्र चाचणी घ्यायची आणि पाळीपाळीनं एकेक उचलायचा. तळाच्या क्लबाची पहिली पाळी. पाळ्यांची अदलाबदलही चालायची, म्हणून कुठली पाळी किती मोलाची याचं कोष्टक माझ्याकडे.

पोरगा मात्र निवडायचे आमच्या क्लबातले क्राउझेआजोबा. आणि आजोबा ठार आंधळे होते!

*

ते पावलं ऐकायचे. मी बाकावर शेजारी बसून शर्टाचा नंबर सांगायचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "आत्ता पळाला तो कोण?"

"सात नंबर. सगळ्यांत भारी आहे!"

"नको. उजवा गुडघा कुरकुरतोय."

सात शेजारच्या क्लबानं उचलला. नाताळपर्यंत त्याच्या उजव्या गुडघ्याचं दोनदा ऑपरेशन झालं. मी तेव्हा योगायोग म्हणून सोडून दिलं.

*

पुढच्या वर्षी माझ्या कोष्टकानं सिद्ध केलं, की एका पहिल्या पाळीपेक्षा तिसरी आणि चौथी मिळून जास्त वजनदार. मी ऐटीत वाचून दाखवलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," आजोबा म्हणाले. "देऊन टाका पहिली. यंदा पहिला उचलतील तो येणारच नाही."

आम्ही दिली. शेजाऱ्यांनी खूश होऊन एक उंचापुरा पोरगा उचलला. सही करायला तो आईच्या डोळ्यांदेखत ट्रेनमध्ये बसला. इकडे स्टेशनवर त्याची बॅग उतरली, पोरगा उतरला नाही. आजतागायत नाही! आजोबांना कळवलं, तर त्यांनी टोपी काढून हातात धरली.

*

नाना म्हणाला, "म्हातारा भानामती करतो. थांब, मी बघतोच!" खेळाडूचे बूट चढवून पठ्ठ्या बाकासमोरून दोनदा पळाला.

आजोबा हसलेसुद्धा नाहीत. "हा कुणापासून तरी पळतोय. याला घरी पत्र लिहायला सांग."

नाना पांढराफटक पडला. परीक्षेत नापास झाल्याचं त्यानं दोन महिने वडिलांपासून लपवलं होतं. मलासुद्धा सांगितलं नव्हतं, गाढवानं!

*

आता शेवटचा. हा सांगताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

आजोबांनी नाकारलेली दोन पोरं दुसरीकडे धडाधड गोल मारत होती. बाउमानसाहेब भडकले होते. त्यातच माझ्या कोष्टकाच्या भरवशावर दोन मुरलेले बचावपटू देऊन आम्ही पहिली पाळी घेतली होती. साहेबांनी माझ्यादेखत सुनावलं, "आल्झो, हे बघा क्राउझे, यंदा निवड चुकली तर दुसऱ्या दिवसापासून या बाकावर बसायचं नाही."

आजोबांना जगात दुसरं कुणी नव्हतं, कुठे जायला जागाही नव्हती. माझ्या आकड्यांपायी त्यांचा बाक जाणार, या विचारानं मला जेवण गोड लागेना.

चाचणीच्या दिवशी भर दुपारी लख्ख ऊन होतं. अचानक आजोबांनी माझं मनगट घट्ट धरलं. "तो! डाव्या कडेचा. काय पावलं आहेत! तोच घ्या."

मी पाहिलं. डावी कडा मोकळी होती.

"अहो, तिथे कुणी नाहीये."

"आहे रे. बघ, आता पास देतोय."

त्या रिकाम्या कडेवरून बॉल सरळ मध्ये आला, बरोबर नऊ नंबरच्या पायात. त्यानं गोल ठोकला.

बाउमानसाहेब धावत आले. "नंबर?"

खरं सांगितलं असतं तर म्हाताऱ्याचा बाक त्याच संध्याकाळी गेला असता.

"नऊ," मी खोटं बोललो.

आठवड्यानं नऊ नंबर सही करायला आला. गुणी पोर, सगळ्यांशी हात मिळवले. मग खोलीभर नजर फिरवून त्यानं विचारलं, "तो कुठाय? डावीकडून मला बॉल देत होता तो? माझ्याआधी त्यालाच घेतलं असेल ना?"