डाळ कुठं हाय?

बालाजीला हळू बोलता येत नसे. दवाखाना असो, मयत असो, परीक्षेचा हॉल असो, त्याचा आवाज एकाच पट्टीत लागायचा, आणि ती पट्टी शेताच्या पलीकडच्या बांधावरल्या माणसाला हाक मारायची होती. कुणी बोटानं ‘हळू’ अशी खूण केली की तो आणखी मोठ्यानं विचारी, "हळू कशाला बोलायचं? खोटं बोलून राहिलो का मी?" स्वतःच्या लग्नात त्यानं नवरीच्या कानात काहीतरी सांगितलं, ते मांडवाबाहेर चपला राखणाऱ्या माणसापर्यंत पोचलं. काय सांगितलं ते इथं लिहीत नाही, कारण वहिनी हे वाचणार आहेत.

मी त्याला आधी ऐकलं आणि मग पाहिलं. नांदेडहून विष्णुपुरीकडं जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा एका संस्थेचं खासगी वसतिगृह होतं. मी नवाच दाखल झालो होतो आणि घरच्या आठवणीनं वरच्या मजल्यावर तोंड पाडून पडलो होतो. खालच्या मेसमधून आवाज आला, "ह्या वरणात डाळ हाय का न्हाई?" मी उठून खाली गेलो. एक काळासावळा, काटकुळा पोरगा वरणाची वाटी डोळ्यासमोर धरून उभा होता आणि चमच्यानं तळ ढवळून सगळ्यांना दाखवत होता. तळाशी वाटीवर कोरलेलं वसतिगृहाचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. तो किनवटकडचा, पहिलीपासून घर सोडून वसतिगृहात वाढलेला. मला शेजारी बसवून म्हणाला, "तू नवा हायस. मी जन्मभर मेसचं जेवून राहिलो. वरण बघून आज वार कोणता ते सांगतो." आणि त्यानं सांगितलाही.

आमचा तिसरा माणूस अफसर. नांदेडचाच, पण घरी गर्दी फार म्हणून वसतिगृहात राहायला आलेला. त्याच्या वडलांचा लग्नाचा बँड होता, त्यामुळं ढोल-ताशा त्याच्या हाताला लहानपणापासून सवयीचा. त्याचा हैदराबादचा चुलतभाऊ एकदा एक कॅसेट देऊन गेला. परदेशातली पोरं गिटार बडवत घसा फाडून ओरडत होती. याला पंक म्हणतात, एवढी माहिती चुलतभावानं दिली होती. शब्द आम्हाला एकही कळला नाही. बालाजीनं मात्र डोळे मिटून पूर्ण बाजू ऐकली आणि कॅसेट संपल्यावर विचारलं, "ह्यांची मेस कुठं हाय?"

असा आमचा बँड सुरू झाला. माझ्याकडं मामानं दिलेली जुनी गिटार होती, अफसरनं घरून ड्रम उचलून आणले आणि मांडववाल्याचा भोंगा मागून घेतला. बालाजी गाणार हे ठरवावं लागलं नाही. सुरांशी त्याची ओळख नव्हती आणि करून घ्यायची इच्छाही नव्हती. "मी गाऊन न्हाई राहिलो, सांगून राहिलो," असं तो म्हणायचा. बाकी गाणारे घशासाठी आलं चघळतात, हा स्टेजवर जाण्याआधी कच्चा कांदा आणि हिरवी मिरची खायचा. पुढच्या रांगेत बसणाऱ्यांना ते कळायचं.

नाव मात्र आमच्या रेक्टरांनी ठेवलं. पाठक सर म्हणजे पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आमच्या तालमी ऐकून त्यांनी फळ्यावर सूचना लिहिली, ‘खोलीत ठणाणा करणाऱ्यांचे जेवण बंद करण्यात येईल.’ बालाजीनं ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली आणि म्हणाला, "जेवण हाय कुठं बंद करायला? पण नाव लई भारी दिलं सरांनी." त्या दिवसापासून आम्ही ‘ठणाणा’ झालो.

‘ठणाणा’ची गाणी साधी होती. एक न येणाऱ्या एसटीचं, एक कोरड्या नळाचं, आणि सगळ्यांत गाजलेलं वरणाचं. त्याला दोनच ओळी होत्या: ‘पाठक सर, पाठक सर, वरणात पाणी हाय! पाठक सर, पाठक सर, डाळ कुठं हाय?’ वसतिगृहाच्या गॅदरिंगमध्ये आम्ही ते पहिल्यांदा म्हटलं. सर पहिल्या रांगेत होते. पहिली ओळ संपायच्या आत ते उठले, जनरेटर बघून येतो म्हणाले आणि गाणं संपेपर्यंत परतलेच नाहीत. पुढं त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आमचं जेवणही बंद केलं नाही. वरण तसंच राहिलं.

शिक्षण संपलं आणि बँडही संपला. मी एका तालुक्याच्या गावी नगरपरिषदेच्या पाणीखात्यात चिकटलो, अफसरनं वडलांचा धंदा सांभाळला. बालाजीचं गणितानं वाटोळं केलं. तो लातूरला एका डाळमिलमध्ये मशीनवर लागला. वरणात डाळ शोधणारा माणूस डाळीच्या ढिगातच जाऊन पडला, असं आम्ही त्याला चिडवायचो. मिलच्या खडखडाटात त्याचा आवाज कुणाला मोठा वाटत नसे, त्यामुळं तो तिथं सुखात होता. भुवयांवर पिवळी भुकटी, अंगाला तुरीचा वास, असा तो फाटकातून यायचा आणि म्हणायचा, "इथं डाळच डाळ हाय. सरांना दाखवली पायजे."

आणि त्यानं ती दाखवलीही. पाठक सर निवृत्त होऊन लातूरला मुलाकडं राहायला आलेत असं कळलं, तेव्हापासून बालाजी दर संक्रांतीला नव्या तुरीची डाळ घेऊन त्यांच्या दारात जायचा. "सर, डाळ आणली," ही हाक सगळ्या गल्लीला ऐकू जायची. सर त्याला आत बसवायचे, तिळगूळ द्यायचे, "जेवलास का?" विचारायचे. त्याचे वडील गेल्यावर हा प्रश्न विचारणारं वडीलधारं माणूस त्याला तेवढंच उरलं होतं. गाण्याचा विषय दोघांपैकी कुणी कधी काढला नाही.

मग अफसरनं एक उद्योग केला. जुन्या टेपवरची आमची गाणी त्यानं मोबाइलवरून इंटरनेटवर टाकली, आणि लातूरच्या क्लासेसच्या गल्ल्यांत राहणाऱ्या पोरांना ती सापडली. घरापासून लांब, मेसच्या डब्यावर जगणारी ती पोरं. त्यांना वरणाचं गाणं समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी वर्गणी काढून मंगल कार्यालय ठरवलं आणि ‘ठणाणा’नं पुन्हा एकदा वाजवावं म्हणून बालाजीच्या मिलवर जाऊन बसली. आम्ही पन्नाशी ओलांडलेली. माझी बोटं आखडलेली, अफसरच्या पाठीला पट्टा. पण बालाजीनं फोन केला, "ये. नाटकं नको करू," आणि मी गेलो. अमावास्येला धान्यबाजाराचा मोंढा बंद, मिल बंद; तेव्हा गोदामात तुरीच्या पोत्यांच्या थप्प्यांमध्ये आम्ही तालमी केल्या. पोती सगळा आवाज गिळायची. अफसर म्हणाला, "ऐसा स्टुडिओ बंबई में भी नै मिलता."

आता लातुरात कसलाही कार्यक्रम प्रमुख पाहुण्याशिवाय होत नाही. तुम्ही पंक वाजवा नाहीतर पुस्तक छापा, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांची ओळख हे व्हावंच लागतं. पोरांनी अफसरला फोनवर विचारलं, तुमचे गुरू कोण? अफसरला थट्टा सुचली. "पाठक सर. नाम उन्होंनेच रखे हमारा," तो म्हणाला. पोरांना ती थट्टा आहे हे कळायचं कारण नव्हतं. त्यांनी सरांचं घर शोधलं, नारळ दिला, होकार घेतला आणि पत्रिका छापली. आम्हाला हे कळलं कार्यक्रमाच्या दिवशी, कार्यालयाच्या दारातला फलक पाहून. आमच्या फोटोंच्या वर, मोठ्या आकारात, पाठक सर.

आम्हाला तयारीसाठी वधूपक्षाची खोली दिली होती. तिथं आरशासमोर आमचं भांडण झालं. अफसर म्हणाला, "बालाजी, वो गाना छोड दे. बुढ्ढे आदमी कू सबके सामने कायकू शरमिंदा करते?" मीही तेच म्हणालो. बालाजी नवरीच्या खुर्चीवर हात गुडघ्यांत धरून बसला होता.

"मला काय बरं वाटून राहिलं का?" तो म्हणाला. "पण ते समोर बसले म्हणून गाळलं, तर आपण इतकी वर्षं त्यांच्या माघारी बोललो असं होतंय. मी माघारी बोलत न्हाई."

"आणि त्यांना लागलं तर?" मी विचारलं.

"मग संक्रांतीला दार उघडायचे न्हाईत," तो म्हणाला आणि कांदा न खाताच उठला. त्याला ते दार किती हवं होतं हे आम्हा दोघांना माहीत होतं. मी गिटार उचलली, अफसरनं काठ्या.

दिवा लागला, ओळख झाली, सरांना शाल दिली. तोच गळाबंद पांढरा शर्ट, आता अंगावर लोंबणारा, आणि कानात यंत्र. बालाजी स्टेजवरून खाली उतरला, त्यांच्या पाया पडला आणि माइक नसताना सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल असं म्हणाला, "सर, एक गाणं म्हणायचं हाय. तुमचं नाव हाय त्यात. म्हणू का?"

सरांनी कानातलं यंत्र नीट केलं. "म्हण. जोरात म्हण मात्र. मला हल्ली कमी ऐकू येतं."

पोरं हसली. बालाजी हसला नाही. तो वर आला, अफसरनं ड्रमवर काठी टाकली, मी सवयीप्रमाणं चुकीच्या तारेवर सुरुवात केली. पाठक सर, पाठक सर. पोरं खुर्च्यांवर चढून नाचत होती आणि बालाजी एकट्या सरांकडं बघून विचारत होता. सर या वेळी उठले नाहीत. मांडीवरच्या शालीची घडी दोन्ही हातांनी धरून ते शेवटपर्यंत बसून राहिले.

गाणं संपल्यावर त्यांनी हात वर करून माइक मागितला. सूत्रसंचालकाला वाटलं आशीर्वाद देणार.

"प्रश्न बरोबर आहे," सर म्हणाले. "डाळ कोठीत होती आणि कोठीची किल्ली माझ्याकडं होती. संस्थाचालकांच्या घरी कार्य निघालं की पोती तिकडं जायची. मला दिसत होतं. नोकरी जाईल म्हणून मी बोललो नाही, आणि तुमच्या वरणात पाणी वाढवायला सांगत राहिलो. गॅदरिंगच्या दिवशी जनरेटर व्यवस्थित चालू होता. हा दर संक्रांतीला डाळ घेऊन येतो, तेव्हा मला वाटायचं, आज विचारील. विचारत नव्हता. आज विचारलंस, बरं झालं बाळा."

बालाजीचा चेहरा वेडावाकडा झाला. मग तो म्हणाला, "सर, हे तवाच बोलला असता तर आमचा बँडच निघाला नसता." सगळ्यांत आधी सर हसले, आणि मग सगळं कार्यालय. पोरांनी ‘वन्स मोअर’चा गिल्ला केला. बालाजीनं मान हलवली.

"न्हाई. उत्तर आलं. उत्तर आल्यावर बी विचारत बसणं म्हंजे माणसाला तरास देणं. अफसर, नळाचं घे."

वरणाचं गाणं त्यानं पुन्हा कधी म्हटलं नाही. पुढच्या संक्रांतीला सर स्वतः घराच्या फाटकात उभे होते, असं त्यानं मला फोनवर सांगितलं. फोन मी हातभर लांब धरला होता. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मिलमध्येच त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला. माझ्या घरी आता फोन वाजतो तो शांतपणे बोलणाऱ्या माणसांचाच. मला ते सोसत नाही. बायको शेजारी नसली की मी रडतो.

अफसर आणि मी अजून वाजवतो. गायला माणूस नाही म्हणून मीच उभा राहतो. लोक वरणाची फर्माईश करतात, तेव्हा ते गाणं पूर्ण झालं असं मी सांगतो. नळाचं मात्र झालेलं नाही. आमच्या गावात पाणी अजून लोकांच्या कामाच्या वेळी येतं, कुठल्या आळीला येतं आणि कुठल्या नाही हे आमच्या खात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या महिन्यात गावातच कार्यक्रम आहे. पत्रिकेवर प्रमुख पाहुणे म्हणून मी माझ्या साहेबांचं नाव घातलं आहे. ते आनंदानं हो म्हणाले, सहकुटुंब येणार आहेत. गाणं कशाबद्दल आहे ते त्यांनी विचारलेलं नाही. सोमवारी केबिनमध्ये जाऊन मीच सांगणार आहे, आणि म्हणू का असं विचारणार आहे. ते नको म्हणाले तर काय करायचं, हे बालाजी सांगून गेलेला नाही.