देवाभाऊंच्या डिस्कमधली लग्नं

मोताळ्यात देवानंदभाऊंचा फोटो स्टुडिओ आणि माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे. त्यामुळे त्यांची बोंब सगळ्यांत आधी मलाच ऐकू येते. माणूस सोन्यासारखा, पण कारभार म्हणजे नुसता सावळा गोंधळ!

तालुक्यातली निम्मी लग्नं त्यांनी टिपलीत, आणि ती सगळी एका जुन्या डिस्कमध्ये कोंबलीत. फोल्डरला नवरा-नवरीचं नाव द्यावं, तर यांना नावंच आठवत नाहीत. आठवतं ते लग्नात काय झालं ते. म्हणून फोल्डरांची नावं 'नवरदेव रुसला', 'मांडव उडाला', 'घोडं पळालं'. त्यात कॉम्प्युटरचं घड्याळ कायम बिघडलेलं, म्हणजे तारखेवरूनही काही शोधायची सोय नाही. मी किती वेळा डोकं आपटलं.

"करिष्मा, मले समजते ना, झालं तं मंग!" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

परवा मात्र भाऊ माझ्या दारात आले ते तोंड पाडून. मागे केसरबाई होत्या. त्यांचे यजमान गुलाबराव नुकतेच गेले होते. दुसऱ्या दिवशी तेरवी, आणि मांडायला घरात फोटो नाही. कॅमेरा दिसला की गुलाबराव पळायचे. आधार कार्डावरचा फोटो भाऊंनी मोठा करून दाखवला, तर केसरबाई म्हणाल्या, "हे कोण होय? हे यायचं तोंड नोहे."

त्यांना हवा होता तो एकच फोटो. "माया पुतणीच्या लग्नात तुनं काढला होता, वैष्णवीच्या. थोच दे बापा."

भाऊंनी डिस्कमध्ये 'वैष्णवी' शोधून पाहिलं होतं. ते नाव तिथं असणार कुठून? एकेक फोल्डर उघडावं, तर आत फोल्डर, त्याच्याही आत फोल्डर, आणि ती म्हातारी डिस्क फोटो दाखवता दाखवता बंद पडायची. मला भाऊंचा भयंकर राग आला. पण केसरबाईंकडे पाहून गिळला.

"आता काहीच उघडू नका," मी म्हटलं. डिस्क माझ्या कॉम्प्युटरला जोडली आणि एक्सेलमध्ये छोटासा मॅक्रो लिहिला. फोटोंना हात लावायचा नाही, फक्त फोल्डरांची नावं एकाखाली एक मांडायची, एवढंच त्याचं काम. आधी त्यानं वरवरचीच नावं दिली. आतल्या फोल्डरांतही शिरायला सांगितलं, तर सिस्टीमच्या एका कुलूपबंद फोल्डरपाशी अडून बसला. ते वगळून पुढे जा, असं लिहिलं, आणि मग नावं भराभर खाली उतरू लागली.

मी मोठ्यानं वाचू लागले. 'भटजी लेट.' 'आचारी भांडला.' 'बूट चोरी.' केसरबाई तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. 'व्याही पडला' म्हटल्यावर पदराआड हसू फुटलं, तसं मला जरा बरं वाटलं.

"बुंदी संपली," मी वाचलं.

"थांब!" केसरबाई उठून उभ्याच राहिल्या. "हेच! वैष्णवीच्या लग्नात वडनेरले बुंदी संपली, तं हे वाढता वाढता मोटारसायकल घेऊन नांदुऱ्याले पळाले. बादली भरून आणली, मंग पंगत उठली."

फोल्डर उघडलं. डिस्क बराच वेळ कुरकुरली, आणि एकदाचा फोटो आला. पंगतीच्या मधोमध गुलाबराव, घामानं निथळलेले, हातात बुंदीची बादली आणि तोंडभर हसू.

"वाचलो बाप्पा!" म्हणत भाऊ मटकन खुर्चीत बसले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

जीव भांड्यात पडल्यावर भाऊंना कंठ फुटला. "पाह्य मावशी, माया कॅमेऱ्यात काका कसे हासून राह्यले!"

"तुया कॅमेऱ्याले कोण पाह्यते रे," केसरबाई म्हणाल्या. "मी तुया मांगं उभी होती."

भाऊंनी माउस हातात घेतला. मग हळूच म्हणाले, "मावशी, चेहरा तेवढा मोठा करतो. बादली कापून टाकू?"

केसरबाईंनी पडद्यावर त्या बादलीवरून बोट फिरवलं.

"राहू दे. रिकाम्या हातानं थे कुठी उभेच नाही राह्यले कधी."