तिनं फक्त मला सांगितलं होतं

रोसारियो गेल्याचं तिच्या मुलीनं, लिंडानं, फोन करून कळवलं. मी बेलव्ह्यूच्या घरी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. "आईच्या वहीत तुझा नंबर सापडला," ती म्हणाली. "नाव नाही, नुसतं 'माझी वाचणारी मैत्रीण' असं लिहिलंय. ती तूच ना?" मी हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावरही टॉवेल हातात धरून तशीच बसून राहिले... बेलव्ह्यूला आल्यापासून दोन वर्षांत मी तिला एकदाही फोन केला नव्हता.

२००३ साली आम्ही अमेरिकेत फ्रीमाँटला राहत होतो. मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरीची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही. पुण्यात मराठी घेऊन एम. ए. केलं होतं आणि इथे दिवसभर टाउनहाउसच्या खिडकीतून फ्रीवे बघत होते. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात मेक्सिकन-अमेरिकन लेखिकांच्या कथा शिकवणारा एक वर्ग होता. विषयाची काही ओढ नव्हती, वेळ सोयीची होती म्हणून नाव घातलं. शेजारच्या खुर्चीवर पंचावन्न वर्षांची रोसारियो बसायची. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी, मुलं मार्गी लागल्यावर शिकायला आलेली. पहिल्याच आठवड्यात मला बसस्टॉपवर पाहून तिनं गाडी थांबवली. "बस, मिहा." मिहा म्हणजे पोरी. त्या दिवसापासून जाणं-येणं तिच्याच गाडीतून. वयानं ती माझ्या आईएवढी, पण तिथल्या रीतीनं मी तिला नावानंच हाक मारायचे. वाटेत ती बोट दाखवून सांगायची, "तुझ्या नवऱ्याचं ऑफिस आहे ना, तिथे जर्दाळूच्या बागा होत्या. सात वर्षांची असल्यापासून मी तिथे फळं वेचलीत." शाळेत बाईंनी परस्पर तिचं नाव रोझ करून टाकलं होतं. "घरी मी एक, शाळेत दुसरी. तुला आहेत का दोन नावं?" मी म्हणाले, "तीन. माहेरचं, लग्नात बदललेलं आणि कॉफीच्या दुकानात सांगते ते." ती इतकी हसली की गाडी कडेला घ्यावी लागली.

वर्गात एकदा एका आजीची कथा वाचली. ती आजी मधेच घर सोडून जाते आणि का जाते ते लेखिका शेवटपर्यंत सांगत नाही. सगळे तर्क लढवत होते, सर्वांत पुढे मी. "वाचकाला कळायला नको का?" रोसारियो शांतपणे म्हणाली, "आजीला सांगायचं नसेल. तिच्या दारात आपण का ताटकळत उभं राहायचं?" शिक्षिकेनं ते वाक्य फळ्यावर लिहिलं. मीही वहीत उतरवून घेतलं. उतरवून घेतलं, एवढंच...

एका दुपारी माझ्या घरासमोर गाडी उभी करून तिनं मला तिच्या आईची एक गोष्ट सांगितली. ती घडली तेव्हा रोसारियो बारा वर्षांची होती. नवऱ्याला नाही, मुलांना नाही, कुणालाच तिनं ती कधी सांगितली नव्हती. बोलून झाल्यावर स्टिअरिंगवरून तळवा फिरवत म्हणाली, "हे या गाडीतच राहू दे."

त्या वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाला लेख हवा होता. मी रोसारियोवर लिहिला. फोटो तिनंच हौसेनं दिला होता. लेख सपाट वाटत होता, म्हणून मी ती गोष्टही त्यात घातली. मराठीत आहे, तिच्या ओळखीचं कोण वाचणार, असं मनाला समजावलं. संपादकांचा फोन आला, "डोळ्यांत पाणी आणलंत हो!" ते कौतुक मी चार दिवस मिरवत होते. अंक हातात आल्यावर रोसारियोनं अक्षरांवरून बोट फिरवलं. "वाच ना मला." मी इंग्रजीत करून वाचत गेले, आणि त्या परिच्छेदापाशी येताच पान उलटलं.

रोसारियोच्या शाळेत नातवाला न्यायला येणाऱ्या एका मराठी काकूंनी तिला अंकातल्या फोटोवरून ओळखलं. "तुमच्या आईचं वाचून फार वाईट वाटलं हो," त्या भाबडेपणानं म्हणाल्या. पुढच्या वर्गाच्या दिवशी गाडी नेहमीसारखी दारात उभी. मी बसले. तिनं रेडिओ लावला, आजवर कधी लावला नव्हता. सिग्नलला म्हणाली, "तेवढं सोडून वाचलंस."

"सॉरी, रोसारियो, मला वाटलं..."

"माहीत आहे मला, काय वाटलं ते."

टर्म संपेपर्यंत पाच आठवडे ती मला नेत-आणत राहिली. एक दिवस चुकवला नाही, एक मिनिट उशीर केला नाही. रेडिओ चालू असायचा. पुढे नवऱ्याची नोकरी बदलली आणि आम्ही बेलव्ह्यूला आलो. मी पत्रं लिहायला घेतली, सगळी अर्धवट टाकली.

ती गेल्यानंतर तीन आठवड्यांनी मी फ्रीमाँटला गेले. लिंडानं स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी दिली आणि फ्रिजवरच्या फळीवरून तो अंक काढला. "आपला फोटो छान आलाय म्हणायची. आम्हाला यातलं अक्षर कळत नाही. वाचून दाखवशील? मी रेकॉर्ड करून ठेवते, मुलांसाठी." मी अंक उघडला. तो परिच्छेद वाचला तर पुन्हा विश्वासघात, गाळला तर पुन्हा तेच खोटं.

"लिंडा, यात एक गोष्ट आहे. तुझ्या आईनं ती मला एकटीला सांगितली होती. मी तिला न विचारता छापली. मला हे वाचता येणार नाही."

लिंडानं विचारलं, "आईची काही चूक होती?"

"नाही. चूक माझी."

"शेवटी शेवटी ती काहीतरी सांगायला बघायची," लिंडा हळूच म्हणाली. "मी म्हणायचे, ममा, बोलू नकोस, दमशील..."

तिनं माझ्या हातातून अंक घेतला, मिटला आणि पुन्हा फळीवर ठेवला, आईच्या वर्गातल्या पुस्तकांशेजारी. मला परत दिला नाही, आणि मागायला माझी जीभ रेटली नाही.

रोसारियो हे तिचं खरं नाव नाही, लिंडा हे तिच्या मुलीचंही नाही. ती गोष्ट मी इथे सांगितलेली नाही. पण त्या अंकाच्या प्रती अजून आहेत, कुणाच्या गराजमधल्या खोक्यात, कुणाच्या पुस्तकांच्या कपाटात. त्यात तिचं नाव आहे, हसरा फोटो आहे आणि ती गोष्टही आहे, माझ्या चांगल्यात चांगल्या मराठीत.